आत्याचा ईमेल प्रोग्राम: तीन आठवडे शेजारी बसून केलेली निवड

"अरे, पत्र गेलं की नाही?"

पहिल्या आठवड्यात आत्या हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा विचारायची. तिचं वय ७१. सगळी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. औषधाची मात्रा दोनदा वाचल्याशिवाय द्यायची नाही, ही सवय अजून तिच्या हाताला आहे. फोन ती सराईतपणे वापरते, व्हिडिओ कॉल करते, फोटो पाठवते. पण निवृत्तीनंतर तिने प्रुफं तपासायचं काम घेतलं. ती फाइल ईमेलने येते आणि दुरुस्त करून ईमेलनेच परत जाते. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ते जमेना, म्हणून टेबलावरच्या विंडोज कॉम्प्युटरवर एक सोपा ईमेल प्रोग्राम बसवून दे, असं तिने मला सांगितलं. त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत होतो. पहिला प्रोग्राम काढावा लागला. दुसरा, थंडरबर्ड, टिकला, आणि आज ती तो माझ्याशिवाय वापरते.

पहिल्या प्रोग्रामचं नाव लिहीत नाही, कारण त्यात दोष जेवढा त्याचा होता तेवढाच माझ्या घाईचाही होता. तो दिसायला फार सोपा होता. मोठी पाच बटणं, बाकी पडदा मोकळा. खातं जोडताना त्याने पॉप की आयमॅप, म्हणजे पत्रं आणायच्या दोन पद्धतींपैकी कुठली, असं विचारलं. पॉपवर आधीच खूण होती. मी 'पुढे' दाबलं. पत्रं भराभर आली, आत्या खूश झाली आणि मी घरी आलो.

रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "माझी सगळी पत्रं पुसली गेलीत रे. फोनवर एकही दिसत नाही. मी काहीतरी भलतंच दाबलं असणार." आवाज बसलेला होता. तिने काहीही दाबलं नव्हतं. त्या प्रोग्रामने सर्व्हरवरची, म्हणजे ईमेल देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावरची, पत्रं आत्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि सर्व्हरवरची काढून टाकली होती, म्हणून फोनला काही दिसत नव्हतं. पत्रं कॉम्प्युटरवर सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी तेच खातं आयमॅपने पुन्हा जोडून मी ती शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी परत सर्व्हरवर सरकवली. त्यात अख्खी दुपार गेली. पण मला लागून राहिली ती वेगळी गोष्ट. नवखा माणूस काही बिघडलं की आधी स्वतःला दोष देतो. ज्या प्रोग्राममुळे त्याच्यावर ती वेळ येते, तो कितीही देखणा असला तरी सोपा म्हणता येणार नाही, हे त्या रात्री मला कळलं.

पॉप आणि आयमॅप ही दोन नावं प्रत्येक प्रोग्राममध्ये भेटतात, म्हणून एवढं समजून घ्यावंच लागतं. पॉप ही पद्धत १९८४ मधली. टेलिफोनची लाइन थोडा वेळ जोडायची, पत्रं आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायची आणि लाइन सोडायची, अशा वापराला ती बरोबर बसते. एक माणूस, एक यंत्र. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिच्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि फोन, कॉम्प्युटर, टॅब सगळे तीच एक पेटी बघतात. एकीकडे वाचलं की दुसरीकडेही वाचलेलं दिसतं. मी हे सांगत होतो तेव्हा आत्या मध्येच म्हणाली, "म्हणजे केसपेपर खाटेला अडकवलेलाच हवा. जो येईल त्याने तिथेच वाचायचा, तिथेच लिहायचं. घरी न्यायचा नाही." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. तुमच्या घरचा नवखा माणूस फोनही वापरत असेल, तर प्रोग्राम कुठलाही घ्या, खूण आयमॅपवर आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

त्यानंतर मी बटणं मोजणं सोडून दिलं. माझी कसोटी एवढीच राहिली की माझं पत्र आत्ता कुठे आहे, याचं उत्तर आत्याला कुणाला न विचारता देता आलं पाहिजे. लिहिता लिहिता सोडलेलं पत्र कुठे गेलं? पाठवलेलं कुठे दिसतं? चुकून काढून टाकलेलं कुठून परत आणायचं? आलेली फाइल उतरवली ती कुठे जाऊन पडली?

सगळ्यात आधी ब्राउझरमध्येच जीमेल उघडून देण्याचा विचार केला. खरं सांगायचं तर पुष्कळ जणांना तेवढंच पुरेल. काही बसवावं लागत नाही, मेनू मराठीत करून घेता येतात आणि पाठवलेलं पत्र जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत मागे घेता येतं. ही शेवटची सोय नवख्यासाठी लाखमोलाची आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन ५ सेकंदांचे ३० करून ठेवावे लागतात. एकाच विषयावरची पत्रं एकाखाली एक घडी घातल्यासारखी दिसतात. त्याने कुणी गोंधळत असेल तर तेही सेटिंगमधून बंद करता येतं. आत्याची अडचण निराळी होती. तिची खाती दोन, एक स्वतःचं जुनं आणि दुसरं प्रुफांच्या कामासाठी मिळालेलं, तेही वेगळ्या कंपनीचं. ब्राउझरमध्ये एक उघडलं की दुसऱ्याचं तिला विस्मरण व्हायचं. शिवाय अर्धं लिहिलेलं पत्र असलेला टॅब ती इतर टॅबांबरोबर बंद करून टाकायची. दोन्ही पेट्या एका पडद्यावर, आणि पत्रांचं म्हणून एक वेगळं घर, एवढ्यासाठी प्रोग्राम हवा होता. ज्याचं खातं एकच आहे आणि जो ब्राउझरला सरावलेला आहे, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ॲपलचा कॉम्प्युटर असता तर प्रश्नच नव्हता. त्याच्यासोबत येणारा मेल हा प्रोग्राम स्वच्छ आहे आणि २०२२ पासून त्यातही पाठवलेलं पत्र काही सेकंदांत मागे घेता येतं. आधी तोच वापरून बघा, दुसरं काही शोधू नका.

विंडोजवर पूर्वी मेल नावाचा छोटा प्रोग्राम असायचा. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा आधार बंद केला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. नवं आउटलुक फुकट मिळतं आणि सुटसुटीत आहे. दोन गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. फुकट वापरात पत्रांच्या यादीत जाहिराती येतात, आणि नवख्याला जाहिरात कुठली, पत्र कुठलं हे ओळखायला शिकवावं लागतं. दुसरं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं की त्याची पत्रं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी, म्हणजे त्यांच्या सर्व्हरशीही, जुळवून ठेवली जातात. जोडताना तशी सूचना येते, ती वाचून मगच पुढे जा. ज्यांना हे चालतं त्यांच्यासाठी तो वाईट नाही. आत्याकडे दुसऱ्यांची अप्रकाशित हस्तलिखितं येतात. पत्रं जितक्या कमी जागी असतील तितकं बरं, असं तिचं स्वतःचं म्हणणं पडलं.

ईएम क्लायंट नावाचा आणखी एक प्रोग्रामही बघितला. छान आहे, खातं चटकन जोडतो. पण त्याची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आणि दोन खात्यांपुरती आहे. आत्याला प्रुफांचे पैसे मिळतात, म्हणजे तो वैयक्तिक वापर नव्हे. परवान्याच्या बाबतीत ती डोळेझाक करणारी नाही, आणि मीही नाही.

मग थंडरबर्ड बसवला.

त्याची पहिली पूर्ण आवृत्ती फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने डिसेंबर २००४ मध्ये आणली. २०१२ मध्ये मोझिलाने त्याच्यावरचं काम कमी केलं, तेव्हा तो आता मिटणार असं वाटलं होतं. पण वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगला, आणि २०२० पासून मोझिलाचीच एक वेगळी कंपनी तो सांभाळते. मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. हा इतिहास मी सांगतोय त्याला कारण आहे. तरुण माणूस एक प्रोग्राम बंद झाला की आठवड्यात दुसरा शिकतो. एकाहत्तराव्या वर्षी शिकलेली गोष्ट दोन वर्षांनी मोडीत निघाली, तर पुन्हा शिकायचा उत्साह कुठून आणायचा? वीस वर्षं टिकलेला प्रोग्राम पुढेही टिकेल अशी आशा धरायला जागा असते.

खातं जोडणं अगदी सोपं गेलं. नाव, पत्ता, पासवर्ड एवढंच विचारलं. सर्व्हरचं नाव काय, त्याच्याशी जोडायचा पोर्टचा आकडा ९९३ की ५८७, हे सगळं त्याने स्वतःच शोधून आणलं आणि खूण आयमॅपवरच होती. जीमेलच्या खात्यासाठी गूगलचीच लॉगिनची खिडकी उघडली. ही खिडकी उघडते की नाही, ही आता प्रोग्राम निवडतानाची मोठी परीक्षा झाली आहे. गूगलने मे २०२२ च्या अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये, नुसता पासवर्ड पाठवून आत येण्याची जुनी पद्धत बंद केली. त्यामुळे कुणी जुन्या सवयीने एखादा फार जुना प्रोग्राम "हा सोपा आहे" म्हणून सुचवला, तर पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचाच म्हणत राहील. नवखा माणूस मग तोच पासवर्ड वीसदा टाइप करत बसेल.

आता स्पष्ट सांगतो. थंडरबर्ड बसवल्याबरोबर नवख्याच्या हातात द्यायच्या लायकीचा नसतो. कुणीतरी जाणत्याने तासभर बसून तो आवरून द्यावा लागतो. भाड्याच्या घरात सामान लावून द्यावं तसं. आम्ही तो तास बसलो, आणि त्याने सगळा फरक पडला.

सगळ्यात आधी अक्षरं. मुख्य मेनूतच अक्षरांचा आकार कमी-जास्त करायची अधिक-उण्याची बटणं आहेत आणि ओळी दाट हव्यात की मोकळ्या हेही तिथेच निवडता येतं. मी ओळी मोकळ्या केल्या. पण पत्रातली देवनागरी तरीही बारीक वाटत होती. त्याची चावी सेटिंगमध्ये फॉन्टच्या प्रगत भागात आहे. तिथे प्रत्येक लिपीचं मोजमाप वेगळं असतं, आणि यादीतून देवनागरी निवडून तिचा आकार वाढवावा लागतो. बहुतेक लोक लॅटिनचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, आकार वाढवून थांबतात आणि मराठी पत्रं तशीच बारीक राहतात. देवनागरीचा आकार २० केला तेव्हा आत्याने चष्मा नाकावरून थोडा खाली सरकवला आणि मागे टेकून वाचायला लागली. त्याआधी ती दर पत्राला पडद्याकडे वाकायची.

डाव्या कडेला पत्ते, कॅलेंडर, कामांची यादी, गप्पा अशी चिन्हांची उभी पट्टी असते. ती मिटवून टाकली. पत्रावर दोनदा क्लिक केलं की ते नव्या टॅबमध्ये उघडतं. तासाभरात असे नऊ टॅब जमले आणि यादी कुठे गेली ते आत्याला सापडेना. सेटिंगमध्ये पत्र कशात उघडायचं हे बदलता येतं. मी वेगळी खिडकी निवडली. वाचून झालं की बंद करायची, मागे यादी जशीच्या तशी.

डावीकडच्या फोल्डरांची गोष्ट जरा नाजूक आहे. जीमेलमध्ये खरं तर फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच पत्रावर दोन लेबलं लागू शकतात. असं खातं आयमॅपने जोडलं की इनबॉक्समधलं पत्र 'ऑल मेल'मध्येही दिसतं, महत्त्वाचं असेल तर तिसऱ्या ठिकाणीही. आत्याने विचारलं, "हे पत्र मला तीनदा का पाठवलंय?" तिला लेबलांचं शास्त्र समजावत बसण्यात अर्थ नव्हता. खात्याच्या नावावर उजवं क्लिक करून सबस्क्राइबच्या यादीत जायचं आणि नको त्या फोल्डरांच्या खुणा काढायच्या. पत्रं कुठेही जात नाहीत, नुसती तिथून दिसायची थांबतात. आता प्रत्येक खात्याखाली तिला पाचच नावं दिसतात: आलेली, ड्राफ्ट, पाठवलेली, स्पॅम, कचरा. ही पाच नावं तिने वहीत लिहून घेतली आणि प्रत्येकापुढे एका ओळीत त्याचा अर्थ. ती वही अजून कॉम्प्युटरशेजारी असते.

उत्तर लिहिण्याबाबत मात्र एक गोष्ट मी बदलायला विसरलो होतो, आणि ती आधी करायला हवी होती. थंडरबर्डमध्ये रिप्लाय दाबलं की समोरच्याचं जुनं पत्र वर येतं आणि आपलं लिहायची जागा त्याच्याखाली. ही इंटरनेटच्या जुन्या काळातली शिस्त आहे, आधी प्रश्न मग उत्तर, आणि तिच्यात अर्थही आहे. पण आज बहुतेकांना वरच उत्तर बघायची सवय झाली आहे. आत्याने दोन पत्रांना नीट उत्तरं लिहिली, आणि दोघांनी उलट कळवलं की तुमचं पत्र कोरंच आलंय. त्यांनी खालपर्यंत बघितलंच नव्हतं. खात्याच्या सेटिंगमध्ये उत्तर वर की खाली हे निवडता येतं. दोन खाती असतील तर दोन्ही ठिकाणी बदला.

आता ज्या सोयीसाठी मी हा प्रोग्राम कुणालाही सुचवेन ती सांगतो. प्रुफं पाठवताना आत्या पत्र सुरेख लिहायची आणि फाइल जोडायची राहायची. हे सगळ्यांचंच होतं. थंडरबर्डमध्ये पत्र लिहिताना ठरावीक शब्द आले आणि फाइल जोडलेली नसली, तर खाली एक पट्टी उघडते आणि फाइल जोडायची आहे का असं विचारते. तरीही पाठवा दाबलं तर पुन्हा एकदा अडवते. यातले शब्द मुळात इंग्रजी असतात. पण सेटिंगमध्ये लिहिण्याच्या भागात शब्दांची ती यादी उघडते आणि तिच्यात आपले शब्द घालता येतात. मी 'सोबत', 'सोबतची', 'जोडली', 'जोडलेली', 'जोडत' असे शब्द एकेक करून घातले. मराठीत शब्दाची रूपं बदलतात, म्हणून माणूस नेहमी जशी लिहितो ती सगळी रूपं घालून ठेवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी तिने लिहायला घेतलं. "तिसऱ्या प्रकरणाची दुरुस्त प्रत सोबत..." एवढं होतं न होतं तोच खाली पट्टी उघडली. आत्याचे हात थांबले. तिने पट्टी वाचली, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पट्टी वाचली. "औषध देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने नाव विचारावं तसं आहे हे," ती म्हणाली. फाइल जोडायला तिला बटणापेक्षा ओढून आणणं जास्त जमतं. फोल्डरमधून फाइल धरून पत्रावर आणली की 'जोडा' अशा अर्थाचा चौकोन उगवतो, तिथे सोडायची. जोडलेल्या फाइलचं नाव आणि आकार खाली दिसतात. ते दोन्ही मोठ्याने वाचल्याशिवाय ती पाठवा दाबत नाही.

आकाराबद्दल एक उपयोगी गोष्ट. ईमेलने जाताना फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे सर्व्हरच्या मर्यादेच्या अगदी जवळ असलेली फाइल परत येऊ शकते. आत्याची स्कॅन केलेली पानं तशी एकदा परत आली होती. आता ती दोन पत्रांत विभागून पाठवते आणि विषयात '२ पैकी १' असं लिहिते.

पाठवलेलं पत्र मागे घेण्याची सोय मी बसवलेल्या आवृत्तीत आपसूक नाही. नवख्यासाठी ही खरी उणीव आहे, आणि ती मी हलकी लेखणार नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की पत्र लगेच न जाता आउटबॉक्समध्ये थांबतं आणि मग मेनूतून सोडता येतं. आत्याला ते नकोसं वाटलं, "मग पुन्हा कुठे अडकलं ते शोधत बसा." त्याऐवजी आम्ही एक साधा नियम केला. नवीन पत्रात पत्ता सगळ्यात शेवटी लिहायचा. पत्ताच नसेल तर पत्र चुकून जाणार नाही.

काढून टाकलेलं पत्र मात्र कंट्रोल आणि झेड दाबून तिथल्या तिथे परत येतं, हे पहिल्याच दिवशी शिकवा. तिने ते मुद्दाम सहा-सात वेळा करून बघितलं, काढलं, आणलं, काढलं, आणलं. त्यानंतर बटणांची भीती बरीच गेली. आणि यादीत पत्र निवडलेलं असताना इंग्रजी ए ही कळ दाबली गेली तर ते पत्र 'अर्काइव्ह'मध्ये जाऊन बसतं. हरवत नाही, तिथे वर्षानुसार लावलेलं असतं. पण ज्याला माहीत नाही त्याच्या दृष्टीने ते गायबच. आत्याच्या वहीत ही ओळ लाल शाईने लिहिलेली आहे.

खोट्या पत्रांपासून बचाव हा सोपेपणाचाच भाग आहे, असं मी मानतो. थंडरबर्ड पत्रातली बाहेरून येणारी चित्रं आपणहून दाखवत नाही. त्यामुळे पाठवणाऱ्याला आपण पत्र उघडलं हे चित्रावरून कळत नाही. ओळखीच्या पत्रात चित्र बघायचं असेल तर वरच्या पट्टीतून परवानगी देता येते. स्पॅमची खूण आपण करत गेलो की तो हळूहळू शिकतो. पहिले काही दिवस मात्र चांगली पत्रंही तिकडे जाऊन पडू शकतात, तेव्हा रोज एकदा तिथे डोकावलेलं बरं. आणखी एक बदल नक्की करा. पत्राच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव न दाखवता पूर्ण पत्ता नेहमी दिसावा, अशी खूण तिथल्याच मेनूत आहे. नाव कुणालाही कुणाचंही लावता येतं. चौथ्याच दिवशी "आपले खाते बंद होत आहे" असं पत्र आलं. नाव बरोबर होतं, पत्ता भलताच. आत्याने तो एकेक अक्षर वाचला आणि पत्र स्पॅममध्ये टाकलं. मला त्याबद्दल संध्याकाळी सांगितलं.

शेजारचे काका हे सगळं बघत होते. त्यांनीही मला विचारलं, "आमच्याकडे पण बसवून द्याल का हो?" त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त फोन. महिन्याला आठ-दहा पत्रं, तीही वाचायची. त्यांना मी सांगितलं, "काका, फोनमध्ये जे आधीपासून आहे तेच ठेवा. तुम्हाला नवीन काही नको." फक्त अक्षरं मोठी करून दिली आणि नको त्या सूचना बंद केल्या.

आत्याच्या फोनवर मात्र शेवटच्या आठवड्यात अँड्रॉइडचा थंडरबर्ड बसवला. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, के-नाइन मेल या जुन्या ॲपच्या पायावर. दोन्हीकडे तीच नावं, तीच मांडणीची रीत, हा मोठा फायदा. खाती पुन्हा टाइप करावी लागली नाहीत. कॉम्प्युटरवर टूल्सच्या मेनूत मोबाइलसाठी खाती पाठवायची सोय आहे. ती उघडली की पडद्यावर क्यूआर कोड येतो. आत्याने फोन दोन्ही हातांनी पडद्यासमोर धरला, खाती आली, जीमेलचं लॉगिन पुन्हा एकदा करावं लागलं.

मग तिने माझ्या पत्त्यावर कॉम्प्युटरवरून एक ओळ लिहून पाठवली आणि लगेच फोनवर 'पाठवलेली' उघडून बघितली. ओळ तिथे होती. त्या संध्याकाळी पत्र गेलं का, हे तिने मला विचारलं नाही.